निळ्या चौकडीचे चोवीस तुकडे

“अहो, खरं सांगा. माझ्या पसाऱ्याला तुम्ही हात लावलात का नाही?”

“हात कशाला लावू? पसारा होता, तो आवरला.”

“म्हणजे लावलात!”

“बुधवारी तू दात दाखवायला गेली होतीस. मला टेकायला जागा नव्हती घरात. खुर्चीवर कुणाची तरी पँट, पलंगावर पडदे, माझ्या उशीवर बाळाचं दुपटं. शेवटी म्हटलं, जरा रीतसर लावू.”

“रीतसर म्हणजे कसं लावलंत?”

“रंगाप्रमाणे. लाल लालात, पांढरं पांढऱ्यात, निळं निळ्यात. बघ की, कसं शोभतंय.”

कॉलरमावशी मटकन खाली बसली. भिंतीकडेला कापडाचे पाच ढीग उभे होते, चांगले कमरेइतके, कडा जुळवून रचलेले. तीन दिवस ती त्यांच्याकडे बघत होती आणि आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी चाचपडत होती. कापड दिसत होतं, पण काम दिसत नव्हतं.

दारात बेकरीवाला उभा होता. एक पाय आत, एक बाहेर, भुवयांवर पीठ.

“मावशी, तुमचं भांडण मी संध्याकाळी निवांत ऐकतो. आत्ता माझा शर्ट द्या. भट्टी तापलीय.”

“कुठला रे शर्ट?”

“कुठला म्हणजे? निळ्या चौकडीचा. दोन बटणं आणि एक कफ. मागच्या शनिवारी नाही का दिला? आज शनिवार आला.”

मावशीनं निळ्या ढिगात हात घातला आणि ढीग आडवा केला. फोरमनच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, तोंडून नुसतं “अगं अगं” निघालं. निळ्या चौकडीचा एक शर्ट वर आला. तिनं तो बेकरीवाल्याकडे फेकला.

“घे. बटणं लावायची राहिलीत. बस दोन मिनिटं, लावते.”

बेकरीवाल्यानं शर्ट छातीला लावून बघितला. बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपल्या.

“हा माझा नाही.”

“तुझाच आहे. आटला असेल.”

“आटला तर आटला, पण खिशात पाना कुठून आला?” त्यानं खिशातून लहानसा पाना काढून दाखवला.

“तो माझा!” फोरमन म्हणाला. “म्हणजे पाना माझा. शर्टही माझा. कधीपासून शोधतोय मी.”

बाजारातल्या कापडवाल्यानं दोन वर्षांपूर्वी त्या चौकडीचे तागेच्या तागे काढले होते. त्या साली आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर तीच चौकडी. लांबून येणारा माणूस ओळखायचा झाला तर चालीवरून ओळखावा लागे. त्यामुळे शर्ट सापडला नाही याचं मावशीला तेव्हा एवढं काही वाटलं नाही. “संध्याकाळी ये,” म्हणाली. बेकरीवाला गेला.

तिला कॉलरमावशी का म्हणतात, हे सांगायला पाहिजे. एकोणिसाव्या वर्षी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली आणि पहिल्याच दिवशी तिला कॉलरच्या ओळीत बसवलं. तिच्या डाव्या हाताची बाई बाहीची, उजव्या हाताची कफची. समोरून कापलेल्या कॉलरींचा गठ्ठा यायचा. तो शिवून, उलटवून, टोकं काढून पुढे ढकलायचा. पुढे कुणीतरी ती कॉलर कुठल्याशा अंगाला लावायचं. ते अंग तिनं कधी बघितलं नाही. बावीस वर्षांत तिनं एक अख्खा शर्ट शिवला नाही. माणसाकडे बघितलं की तिला आधी त्याची मान दिसायची. तोंड नंतर. लग्नाला मुलगा दाखवायला आणला तेव्हा ती आईच्या कानात म्हणाली होती, “पंधरा आहे. चालेल.”

गठ्ठ्याला तिकीट असायचं. तिकिटावर नंबर. तिकीट हरवलं की सुपरवायझर अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलायचा. कारखाना बंद झाला, मशिनं विकायला काढली, तेव्हा मावशीनं एक घरी आणलं. पहिल्याच दिवशी तिनं एक फ्रॉक, एक पिशवी आणि एक गोधडी, अशी तिन्ही कामं एकदमच सुरू केली. तिन्ही अर्धी झाली तेव्हा चौथं काढलं. फोरमन म्हणाला, “एक संपव, मग दुसरं घे.” त्यावर ती म्हणाली, “एकच काम हातात धरून बसले की मला कारखान्याचा भोंगा ऐकू येतो.” आणि तिकीट म्हणाल तर ती कशालाच लावायची नाही. चिठ्ठी नको, नंबर नको, गिऱ्हाइकाचं नाव नको. त्यावर तिचं एकच उत्तर, “बावीस वर्षं तिकिटं सांभाळली. आता कापड सांभाळते.”

तिची आपली एक रीत होती. ती बाहेरच्याला दिसायची नाही, पण होती. पलंगाच्या उशाकडे ठेवलं ते कापून झालेलं, पायथ्याकडे ठेवलं ते जोडायचं. खुर्चीच्या पाठीवर घाईचं. खिडकीच्या कट्ट्यावर इस्त्रीचं. आणि ज्याची हमखास आठवण व्हायला हवी, ते नवऱ्याच्या उशीवर, कारण झोपायच्या वेळी तो ओरडणारच. अशी सात-आठ कामं खोलीभर पसरलेली असायची आणि ती त्यातून मांजरासारखी चालायची, एकालाही धक्का न लावता.

फोरमन हा काही फोरमन नव्हे. बसडेपोच्या सामानखोलीत तो नट, बोल्ट, वायसर मापाप्रमाणे खणात लावायचा. तीस वर्षं तेच. अंधारात हात घातला तरी त्याला हवा तो बोल्ट मिळायचा. तसा माणूस बायको घरात नसताना त्या खोलीत दोन तास एकटा राहिला. त्याच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं म्हणा.

तर बेकरीवाला गेल्यावर मावशी हातातल्या कामाला बसली. हातातलं काम म्हणजे ड्रायव्हरच्या पोरीची गोधडी. ती संध्याकाळी सहाला न्यायची होती, आणि नुसता कडेचा गोट घालायचा राहिला होता. ड्रायव्हर याच डेपोचा. मागल्या साली दवाखान्यात वारला. त्याच्या बायकोनं त्याचे सगळे कपडे वाटून टाकले, एक शर्ट तेवढा कपाटात ठेवला. आता पोरगी नर्सिंग शिकायला लांब चालली होती, चार वर्षांसाठी, उद्या सकाळच्या बसनं. तेव्हा आईनं तो शर्ट काढून तिच्या हातात दिला. म्हणाली, “तूच ने. मी कपाट उघडलं की तोच दिसतो.” पोरीनं तो मावशीकडे आणला आणि सांगितलं, याची गोधडी करा, मधे पांढरं घाला, पण बाबांचा एक तुकडा वाया घालवू नका.

मावशीनं शब्द दिला होता. गोधडी झालीही देखणी. एक चौकडीचा तुकडा, एक पांढरा, असे आळीपाळीनं, वर धावदोरा इतका बारीक की मुंगी चालल्यासारखा.

गोट घालायला निळी पट्टी हवी म्हणून तिनं कॉलरींचा डबा उघडला. ही तिची खोडच. शर्ट कापायला घेतला की आधी कॉलर अख्खी सोडवायची आणि डब्यात टाकायची. कॉलर टाकून देणं तिच्यानं होत नसे. डब्यात दोन-अडीचशे कॉलरी होत्या. वरच निळ्या चौकडीची एक होती, तिला वाटलं ड्रायव्हरची. ती बाहेर काढली, तर तिच्याखाली निळ्या चौकडीची आणखी एक.

मावशी दोन्ही हातांत दोन कॉलरी घेऊन बसून राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “इकडे या बरं.”

“आता मी कशाला हात लावलेला नाही.”

“या म्हणते ना! ही बघा. ही उसवून उलटी केलेली, हाताच्या टाक्यांनी. ही ड्रायव्हरच्या बायकोच्या हातची, मला ठाऊक आहे. आणि ही बघा. ही किती आहे?”

“मला काय कळतंय कॉलरीतलं?”

“साडेसतरा आहे. साडेसतराची मान आपल्या भागात एकाचीच.”

“कुणाची?”

“बेकरीवाल्याची. अहो, मी बेकरीवाल्याला कापलाय!”

“हळू बोल, बाहेर माणसं आहेत.”

मग हळूहळू सगळं जागेवर येत गेलं, म्हणजे कुठलीच गोष्ट जागेवर नव्हती हे कळत गेलं. सोमवारी तिनं ड्रायव्हरचा शर्ट कापला आणि तुकडे उशीच्या अभ्र्यात घातले. मंगळवारी पडदे घेतले. बुधवारी दात. गुरुवारी निळ्या ढिगाच्या अगदी वर निळ्या चौकडीचा अख्खा शर्ट दिसला, तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली होती, अगं बाई, उद्यावर काम आलं आणि हा कापायचाच राहिला! आणि कात्री घातली, तुकडे त्याच अभ्र्यात टाकले. मनात सोमवारही होता, पण तो कुठल्या शर्टाचा होता ते तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. शुक्रवारी जोडायला बसली तेव्हा अभ्र्यात तुकडेच तुकडे.

“मोजले नाहीस?” फोरमननं विचारलं.

“मोजले की. चोवीस लागले, वर चार उरले. ते पाठीमागे मजबुतीला घातले.”

“एका शर्टात एवढे निघतात?”

“चौदा निघतात.”

“मग?”

“मग काय मग! मला वाटलं, ड्रायव्हर अंगानं दांडगा होता.”

“अगं, तो बस चालवायचा का बस होता?”

मावशीला हसू आलं नाही. तिनं गोधडी पलंगावर पसरली. चोवीस निळे तुकडे, एकासारखा एक. कापड तेच, चौकडी तीच, मशिनचा टाका तिचाच. त्यातला निम्मा बाप आणि निम्मा बेकरीवाला. कुठला निम्मा, ते कुणाला माहीत?

फोरमननं कान खाजवला. “मी काय म्हणतो. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

“तू सांगू नकोस म्हणजे झालं. कापड एकाच ताग्याचं. बेकरीवाल्याला म्हण, चोरीला गेला. शर्ट चोरीला जातात.”

मावशीनं गोधडीची कड सरळ केली. मग म्हणाली, “ती पोर तिकडे परक्या खोलीत चार वर्षं हे अंगावर घेऊन झोपणार. बापाचं म्हणून. आणि मी इथे रोज सकाळी पाव आणायला जाणार. त्याचं तोंड समोर आलं की मला काय आठवेल, सांगा?”

फोरमनला ते पटलं असावं, कारण त्यानं चष्मा घातला.

“मग छाननी करू. काय ड्रायव्हरचं, काय बेकरीवाल्याचं. खूण काय दोघांची?”

खूण काय? मावशीनं एका तुकड्यावर बोटं फिरवली, मग दुसऱ्यावर. तिसऱ्याला गोंधळली, परत पहिल्यावर आली. डोळे मिटले. कारखान्यात कापड डोळ्यांनी बघायला सवड नसायची, बोटांनीच बघायचं. एकाएकी ती म्हणाली, “ड्रायव्हर बसतो.”

“बसणारच. उभा राहून कोण चालवील?”

“तसं नाही हो. ड्रायव्हर बसतो, म्हणजे त्याची पाठ सीटला घासते. बेकरीवाला उभा राहतो. त्याचं पोट परातीच्या टेबलाला घासतं. एकाची पाठ झिजते, एकाचं पोट.”

“आणि खिडकी!” फोरमन आता रंगात आला. “खिडकीकडची बाही. तो कोपर बाहेर काढून चालवायचा, मी रोज बघायचो. डेपोतून निघाला की कोपर बाहेर. ती बाही उन्हानं विटलेली असणार.”

“आणि बेकरीवाला बाह्या दुमडतो. दुमडीची रेघ जात नाही कधी, कितीही धुवा.”

मावशी बोटानं तपासायची आणि सांगायची, फोरमन खडूनं खूण करायचा. एकाला गोल, एकाला फुली. तासभर चाललं ते. “पाठ. ड्रायव्हर.” “विटलाय. ड्रायव्हर.” “हा पातळ झालाय बघा, जाळीसारखा, हा पोटाचा.” “रेघ आहे. तो.” “हा… थांबा. हा काही कळत नाही. सोडा.” कधी सांगितलेलं मागे घ्यायची, “नाही नाही, तो नव्हे, त्याच्या शेजारचा,” आणि फोरमन थुंकी लावून खूण पुसायचा. शेवटी मोजले तर गोल आठ, फुल्या नऊ, आणि सात तुकडे कोरेच. ड्रायव्हरचं पुढचं अंग घासलेलं नव्हतं आणि बेकरीवाल्याची पाठ घासलेली नव्हती. ते दोन्ही एकसारखेच नवे राहिले होते. तिथे बोटं काहीच सांगेनात.

“मी बेकरीवाल्याला सांगून येतो,” फोरमन म्हणाला. “तू त्याचे तुकडे उसवायला लाग.”

तो चपला घालत होता. मावशीनं उसवणी उचलली, पहिल्या खुणेपाशी टोक नेलं. फोरमन दारातून वळून बघतोय तर टोक गोलात.

“अगं, काय करतेस! गोल ड्रायव्हर!”

“गोल ड्रायव्हर कसा? गोल म्हणजे पाव!”

“गोल म्हणजे स्टेअरिंग!”

मावशीच्या हातातून उसवणी खाली पडली. मग फोरमननं खडू घेतला आणि प्रत्येक गोलात गाडीच्या चाकासारख्या आऱ्या काढल्या. तरी मावशीला ते कापलेल्या भाकऱ्यांसारखेच दिसत होते. तो गेला.

एक टाकाही उसवला नव्हता तोच दारात सावली पडली. ड्रायव्हरची पोर. सहाला यायची ती तीनलाच आली होती.

“मावशी, झाली असेल तर आत्ताच नेते. आईला ट्रंकेत नीट बसवून बघायचीय.”

मग तिला पलंग दिसला. आपली गोधडी, आणि तिच्यावर शाळेच्या फळ्यासारख्या खुणा.

“हे काय?”

मावशीनं मघापासून ठरवलं होतं कसं सांगायचं ते. आधी कापडवाल्याचे तागे, मग बुधवार, मग रंग. तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर पडलं.

“यातला निम्माच तुझा बाप आहे.”

मावशीनं मग उलटसुलट, मागचं पुढे करत सगळं सांगितलं. मधेच शुक्रवार आला, मग सोमवार, मग डब्यातल्या कॉलरी. पोरीनं दोनदा विचारलं, “थांबा, शर्ट एकूण किती होते?” आणि मावशीनं एकदा दोन सांगितले, एकदा तीन, कारण नवऱ्याचाही एक होताच.

“फुली कुणाची?” शेवटी पोरीनं विचारलं.

“बेकरीवाल्याची.”

“म्हणजे मी तिकडे जाऊन बेकरीवाल्याला पांघरून झोपले असते?”

“असतीस,” मावशी म्हणाली. खोटं कशाला सांगा.

पोरीचे कान लाल झाले. “तुम्हाला साधी चिठ्ठी लावता येत नाही? एवढा एकच शर्ट होता. एकच! आईनं तो वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही आणि तुम्ही… तुम्ही सात-सात कामं एकदम कशाला घेता?”

“बोल,” मावशी म्हणाली. “बरोबर आहे तुझं. बोल.”

पण मावशी ऐकून घेतेय म्हटल्यावर पोरीला पुढे बोलता येईना. ती पलंगाच्या कडेला बसली. “खुणा नाहीत ते कुणाचे?”

“ते सात कळले नाहीत.”

“मला कळतील,” पोर म्हणाली. “माझ्या बापाचा शर्ट मला कळणार नाही का?”

तिनं पहिला कोरा तुकडा हाताखाली घेतला, मग दुसरा. वाकून वास घेतला. साबणाचा येत होता. गाल लावून बघितला. गोधडीचा कोपरा खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितला, परत ठेवला, तर मघाचा कुठला होता तेच तिला सापडेना. सातव्यावर पोचली आणि तिथेच बसून राहिली.

“मलाही कळत नाही,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “रोज संध्याकाळी याच शर्टात घरी यायचे. मी कधी बघितलंच नाही नीट. चौकडी होती, एवढंच.”

“कोण बघतं गं शर्ट,” मावशी म्हणाली. “मलाही मानेच्या खालचं काही आठवत नाही.”

तेवढ्यात फोरमन आला. काखेत पुडकं, कपाळावर आठ्या. आत कोण बसलंय ते न बघताच त्यानं सुरुवात केली.

“चिडलाय. म्हणतो, दोन बटणांना दिला तर तुम्ही तुकडे केलेत, पँट शिवायला दिली असती तर मला पुरलंच असतं. फुल्यांचे नऊ तुकडे परत मागितलेत. ट्रे पुसायला होतील म्हणाला. आणि म्हणाला, ड्रायव्हरच्या पोरीला माझं नाव मात्र सांगू नका, बिचारीला कसंतरी…”

मग त्याला ती दिसली.

“…कसंतरी वाटेल,” पोरीनंच वाक्य पुरं केलं. आणि तिला हसू फुटलं. हसता हसता नाक वाहिलं, तिनं ते बाहीनं पुसलं. मावशीला ही हसतेय का रडतेय तेच समजेना, म्हणून तिनं आपलं पाणी आणून दिलं.

“आता सांग,” मावशी म्हणाली. “फुल्या तर काढतेच. या सातांचं काय करू? काढले तर सगळी चौकडी खात्रीची राहील, पण आठच तुकडे. ठेवले तर बेकरीवाला थोडा राहणारच.”

“वरून ठिगळ लावून टाक की,” फोरमन म्हणाला.

“तुम्ही बोलू नका. खाली राहिला काय नि वर राहिला काय.”

पोर गोधडीकडे बघत होती. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, उचलली. मग पोर म्हणाली, “सात राहू देत.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण काढले आणि त्यातले चार बाबांचे असले तर? ते मग ट्रे पुसायला जाणार.”

मावशीनं मान हलवली. हा हिशेब तिला सुचला नव्हता.

“आणि पाठीमागे चार आहेत मजबुतीला,” ती म्हणाली. “ते मी बघितलेच नाहीत अजून.”

“ते आता बघूच नका!” पोर आणि फोरमन एकदमच म्हणाले.

नऊ जागी नवं काय घालायचं? पोरीनं भिंतीकडच्या ढिगांकडे बघितलं आणि पिवळ्याकडे बोट केलं. फोरमन खूश झाला. “बघ, रंगाप्रमाणे लावलंय म्हणून पटकन सापडलं!” मावशीनं पिवळं कापड ओढलं, झटकलं, मांडीवर घेतलं, कात्री उघडली. आणि तशीच थांबली.

“हे कुणाचंय?”

फोरमननं पोरीकडे बघितलं, पोरीनं ढिगाकडे.

“पडद्यांतलं उरलेलं आहे का खोळीचं आहे? का त्या बाळाच्या आजीनं आणलेलं?” तिनं पिवळं खाली ठेवलं आणि हिरवं उचललं. ते कुणाचं, तेही सांगता येईना. लालही तसंच. पाच ढिगांत इतकं कापड, आणि आपलं म्हणून छातीठोकपणे सांगावं असं एक नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली. मग उठली, खिडकीपाशी गेली आणि खिडकीचा पडदा दांडीसकट ओढून काढला. फिकट शेंदरी, धुऊन धुऊन मऊ झालेला.

“हा माझा. दहा वर्षं इथे लटकलेला आहे, म्हणजे माझाच.”

“आता समोरचे सगळे आत बघतील,” फोरमन म्हणाला.

“बघू देत. काय दिसणार आहे त्यांना? ढीग.”

पोरीनं पडद्याचा कोपरा निळ्या चौकडीवर ठेवून बघितला आणि मान हलवली. चालेल अशी. मावशीनं तिला सांगितलं, सहाला नाही, सातला ये, आणि आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी विचारलं तर खरंच सांगणार. पोर म्हणाली, “आईला मी सांगते. पण आज नाही. तिकडे पोचल्यावर.” ती दारापर्यंत गेली, परत आली, बाबांचे म्हणून ठरलेले आठ तुकडे एकदा हातानं मोजले आणि मग गेली.

मावशी पलंगावर मांडी घालून बसली. उघड्या खिडकीतून ऊन थेट गोधडीवर येत होतं आणि खडूच्या खुणा त्यात निम्म्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिनं पहिल्या फुलीचा धावदोरा कापला, एकेक टाका ओढत गेली, चारी बाजू मोकळ्या केल्या. तुकडा हातात आला. तिनं तो उजेडाला धरला. पातळ होता, जाळीसारखा, पोटाचा. का पाठीचा? तिनं पुन्हा बोटं फिरवली. मग डोळे मिटून फिरवली.

“अहो, ड्रायव्हर शेवटी शेवटी जाडा झाला होता का हो? पोट स्टेअरिंगला लागण्याइतका?”

फोरमन सांडलेला निळा ढीग पुन्हा रचत होता. त्यानं विचार केला.

“थोडासा,” तो म्हणाला. “तसा नाही फार.”

मावशीनं तुकडा मांडीखाली ठेवला, पडद्याचा चौकोन त्या जागी बसवला, सुई तोंडाजवळ आणून दोरा ओवला आणि टाके घालायला लागली.